बारा अंकी टेबल कॅल्क्युलेटर: पाव-पाऊण, दशांश आणि टक्क्यांच्या कसोटीवर

म्हापशाच्या बाजारातलं काजूगरांचं दुकान, फोंड्यातली लाकडाची वखार, डिचोलीतल्या शाळेची शिक्षकांची खोली. तिन्ही ठिकाणी टेबलावर एक वस्तू हमखास दिसते: तिरक्या पडद्याचा, वर सौरपट्टी आणि पोटात बटण-सेल असलेला बारा अंकी कॅल्क्युलेटर. कंपन्या वेगळ्या, नकला त्याहून जास्त, पण कळांची मांडणी जवळपास सारखी. साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत मिळणारा हा प्रकार इथे एकाच कामासाठी तपासला आहे. अपूर्णांक घालायचा, त्याचा दशांश काढायचा, टक्के काढायचे, आणि आलेला आकडा बिलावर, निकालपत्रकावर किंवा वाटणीच्या कागदावर निर्धास्त लिहिता येतो का ते पाहायचं.

भागाकार हे यंत्र चोख करतं. घोळ होतो तो उत्तर कापताना. कुठे कापायचं हे पडद्याखालच्या बारक्या सरकत्या बटणावरून ठरतं, आणि घेताना त्या बटणाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

अशी बटणं सहसा दोन असतात. एकावर एफ, ४, २, ०, ए अशा खुणा (काहींवर ४ ऐवजी ३, क्रमही मागेपुढे). दुसऱ्यावर वर जाणारा बाण, ५/४ आणि खाली जाणारा बाण. पहिलं बटण दशांशाची स्थळं ठरवतं, दुसरं त्यापुढच्या अंकांचं काय करायचं ते. खालचा बाण म्हणजे उरलेलं सरळ छाटणं, वरचा बाण म्हणजे काहीही उरलं तरी शेवटचा अंक एकाने वाढवणं, आणि ५/४ म्हणजे शाळेत शिकवतात ते: पुढचा अंक ५ किंवा जास्त असेल तर वाढवा, ४ किंवा कमी असेल तर सोडा. पहिलं बटण २ वर ठेवून १ ÷ ३ केलं तर खालच्या बाणावर ०.३३, ५/४ वर ०.३३ आणि वरच्या बाणावर ०.३४ दिसतं. २ ÷ ३ ला तेच अनुक्रमे ०.६६, ०.६७, ०.६७ होतं. नव्या डब्यातून निघालेल्या यंत्राचं बटण कुठे असेल याचा नेम नाही. दुकानातल्या पोराने फडकं मारतानाही ते सरकतं. सकाळी पहिलं बिल करण्याआधी तिथे नजर टाकायची सवय लावलेली बरी.

एफ म्हणजे मोकळा दशांश, मावतील तेवढी स्थळं. ३ ÷ ८ ला ०.३७५ येऊन थांबतं, कारण छेद ८ हा फक्त दोनांचा बनलेला आहे. छेदाच्या मूळ अवयवांत २ आणि ५ यांच्याखेरीज काही नसेल तरच दशांश खंडित होतो, मात्र अपूर्णांक आधी संक्षिप्त रूपात हवा. ८ ला तीन स्थळं, १६ ला चार (१/१६ = ०.०६२५), ४० ला तीन (१/४० = ०.०२५). छेदात ३, ७, १३ असलं काही राहिलं की दशांश अखंड आवर्ती. १ ÷ ३ ला पडद्यावर ०.३३३३३३३३३३३ दिसतं, शून्य धरून बारा अंक. त्याला लगेच ३ ने गुणलं की बऱ्याच यंत्रांवर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९ येतं. काही यंत्रं पडद्यामागे एक-दोन अंक जास्त राखतात, ती १ दाखवतात. पहिल्या प्रकारातलं यंत्र बिघडलेलं नसतं. त्याच्याकडे जेवढे अंक आहेत तेवढ्यांचंच ते गणित करतं.

१ ÷ ७ ला ०.१४२८५७१४२८५ येतं आणि १४२८५७ हा गट परत सुरू झालेला डोळ्यांना दिसतो. १ ÷ १७ चा गट मात्र सोळा अंकांचा, तो या पडद्यात मावतच नाही. सातवी-आठवीच्या मुलाने ०.०५८८२३५२९४१ पाहून ‘हा दशांश इथे संपला’ असं वहीत लिहिलं तर चूक पडद्याच्या लांबीची आहे, हे शिकवणाऱ्याने सांगायला हवं.

आता खरा तोटा कुठे होतो ते. डझनाने विकलेल्या आंब्यांचं उदाहरण घ्या. समजा मानकुरादचा डझन १,५०० रुपये आणि गिऱ्हाइकाला हवेत सात. बटण २ वर असताना ७ ÷ १२ करून बरोबरचं चिन्ह दाबलं की ०.५८ मिळतं. त्याला १,५०० ने गुणलं तर ८७०. खरा आकडा ८७५. पाच रुपये पडद्यावरच गळून गेले. एफवर ठेवलं तर ८७४.९९९९९९९९५ असं विचित्र काहीतरी दिसू शकतं आणि गिऱ्हाईक हसतं. दोन्हीवर उपाय एकच: आधी गुणा, मग भागा. ७ × १५०० ÷ १२ = ८७५, बटण कुठेही असो. अपूर्णांकाचा दशांश करणं ही शेवटची पायरी ठेवली की कापाकापी एकदाच होते, आणि तीही शेवटच्या पैशावर.

आंब्यांत पाच रुपये जातात, जमिनीत प्रकरण मोठं होतं. गोव्यात वाटणी निघाली की अपूर्णांक हटकून येतात. मालमत्ता नवरा-बायकोच्या सामाईकीची असेल आणि मृत्युपत्र नसेल तर निम्मी मागे राहिलेल्या जोडीदाराची, आणि उरलेली निम्मी मुलांमध्ये सारखी. तीन मुलं असली तर प्रत्येकाचा हिस्सा १/६. जागा १,२५० चौरस मीटर धरा. बटण २ आणि ५/४ वर, १ ÷ ६ = असं केलं की ०.१७. त्याला १,२५० ने गुणलं तर २१२.५०. तिघांचे ६३७.५०, आईचे ६२५, बेरीज १,२६२.५०. जागेपेक्षा साडेबारा चौरस मीटर जास्त! १२५० ÷ ६ सरळ केलं असतं तर २०८.३३. टक्क्यांतही हीच गत: १६.६७ तीनदा आणि ५० मिळून १००.०१ होतात, १६.६६ घेतले तर ९९.९८. म्हणून वाटणीच्या कागदावर १/६ असंच लिहिलेलं असावं. टक्के आणि चौरस मीटर वाचणाऱ्याच्या सोयीसाठी बाजूला. जुनी पोर्तुगीज कागदपत्रं समोर असतील तर आणखी एक सावधगिरी: त्या लेखनरीतीत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो. ३१२,५० म्हणजे तीनशे साडेबारा. तो स्वल्पविराम हजाराचा समजून कळा दाबल्या तर आकडा शंभर पटींनी फुगतो.

‘ए’ या खुणेबद्दल दोन शब्द. हा बेरजेचा खास प्रकार: २५० दाबून अधिक केलं की यंत्र ते २.५० धरतं, म्हणजे बिंदूची कळ न दाबता रुपये-पैसे घालता येतात. लांबलचक रोकड वही जुळवणाऱ्याला उपयोगी. बाकीच्यांसाठी तो फक्त फसवतो. २५० + १७५ ला ४.२५ आलं तर यंत्र परत करायला धावू नका, बटण ‘ए’वरून हलवा.

टक्क्याची कळ ही या यंत्राची सगळ्यात चांगली आणि सगळ्यात गैरसमजाची कळ. अपूर्णांकाचे टक्के काढायला ती उत्तम आहे: ३ ÷ ८ आणि मग बरोबरऐवजी %, ३७.५ समोर. ६०० पैकी ४३७ गुण असतील तर ४३७ ÷ ६०० %, एफवर ७२.८३३३३३३३३३ आणि बटण २ वर ७२.८३. मधे बरोबरचं चिन्ह दाबायचं नाही. ते दाबून मग % दाबलं की यंत्रागणिक वेगळं काहीतरी होतं, कुठे काहीच नाही, कुठे आकडा आणखी शंभराने लहान.

निकालाच्या कामात बटण ० वर ठेवून टक्के काढणं ही घोडचूक. ६०० पैकी ३५९ म्हणजे ५९.८३ टक्के. ० आणि ५/४ वर पडद्यावर ६० दिसतं आणि मूल वरच्या श्रेणीत जाऊन बसतं. पत्रकात पूर्णांक हवे असले तरी आधी दोन स्थळांपर्यंत काढा, श्रेणी त्यावरून ठरवा, पूर्णांक शेवटी. वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांचे टक्के काढताना ६०० ने भागून % दाबण्याचीही गरज नाही: एकूण गुण ६०० असतील तर नुसतं ६ ने भागा, ५०० असतील तर ५ ने, ८०० असतील तर ८ ने. पुष्कळ यंत्रं भाजक लक्षात ठेवतात. ४३७ ÷ ६ = केल्यावर पुढच्या मुलाचे ५१२ दाबून नुसतं बरोबर केलं की ५१२ ÷ ६ होऊन ८५.३३ येतं. काहींना त्यासाठी भागिलेची कळ दोनदा दाबावी लागते आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘के’ उमटतं. घेताना हे तपासा, निकालाच्या आठवड्यात त्याचं मोल कळतं.

आता कर चढवणं. ५०० रुपयांवर १८ टक्के. बहुतेकजण ५०० + १८ % असं दाबतात. काही यंत्रांवर ५९० येतं, काहींवर ६०९.७५६…, आणि काहींवर तिसरंच. ६०९.७५ हा आकडा आकाशातून पडलेला नाही: ते यंत्र ५०० ला ०.८२ ने भागतं, म्हणजे १८ टक्के मूळ किमतीचे न धरता विक्रीच्या किमतीचे धरतं. व्यापाऱ्याच्या नफ्याच्या हिशेबाला ते बरोबर, कराच्या हिशेबाला साफ चूक. त्यामुळे आमची ठाम शिफारस: कर चढवायला % ची कळ वापरूच नका. ५०० × १.१८ = ५९०, कुठल्याही यंत्रावर. करासकट किमतीतून मूळ किंमत काढायला ५९० ÷ १.१८ = ५००. तिथे ५९० − १८ % केलं आणि यंत्र पहिल्या प्रकारचं असलं तर ४८३.८० मिळतं, कारण १८ टक्के ५९० चे वजा होतात. पाच टक्क्यांना १.०५. चोपडीच्या पुठ्ठ्यावर हे दोन गुणक लिहून ठेवले की काम संपलं.

एम.यू. ही कळ नफ्यासाठी. बहुतेक बारा अंकी यंत्रांवर ४०० × २० एम.यू. ला ४८० येतात (खरेदीवर २० टक्के) आणि ४०० ÷ २० एम.यू. ला ५०० (विक्रीवर २० टक्के). १/५ आणि १/४ मधला हा फरक आहे: विक्रीचा पाचवा भाग नफा म्हणजे खरेदीचा चौथा भाग. ज्याला हे नीट समजलं त्यालाच ती कळ उपयोगी. ‘बारावर एक फुकट’ या सवलतीतही असाच चकवा आहे. गिऱ्हाइकाला ती १/१२ म्हणजे ८.३३ टक्के वाटते, पण घरी तेरा नग जातात आणि पैसे बारांचे दिले जातात. सूट १/१३, म्हणजे ७.६९ टक्के.

जी.टी. ही कळ आतापर्यंतच्या उत्तरांची बेरीज ठेवते, आणि बऱ्याच यंत्रांत % ची उत्तरंही तिच्यात जमा होतात. खर्चाची टक्केवारी काढताना ती फार कामाची: सगळे भाग झाल्यावर जी.टी. दाबा, १०० च्या जवळ यायला हवं. ९९.९९ किंवा १००.०१ आलं तर ते कापण्यामुळे. ९७ आलं तर एखादा भाग घालायचा राहिला. मागे जाऊन पायऱ्या तपासण्याची कळ असलेला नमुना मिळाला तर पन्नास रुपये जास्त देऊन तोच घ्यावा. चूक शोधायला सगळं पुन्हा दाबावं लागत नाही.

यंत्राला न येणारी एक गोष्ट माणसाने करायची आहे: बोलीतला अपूर्णांक आकड्यात उतरवणं. वजनकाट्यावर ०.३६५ असं दशांशातच दिसतं, गिऱ्हाईक मात्र ‘पावणेदोन किलो’ म्हणतं. पावणेदोन म्हणजे १.७५, पण घाईत २.७५ दाबलं जातं, कारण ‘दोन’ हा शब्द कानात शेवटी पडतो. काजूगर ९६० रुपये किलो धरले तर १.७५ × ९६० = १,६८०, आणि चुकीचं दाबल्यास २,६४०. ‘पावणे’ मागे ओढतं, ‘सव्वा’ आणि ‘साडे’ पुढे नेतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेल्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं. औट म्हणजे साडेतीन, ३.५, हे आज दुकानात बसणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे?

टक्क्यांत तर हे आणखी महाग पडतं. ‘महिन्याला पाऊण टक्का’ म्हणजे ०.७५ टक्का, म्हणजे दशांशात ०.००७५. ८०,००० रुपयांवर व्याज ६०० रुपये. ८०००० × ०.७५ = दाबलं की ६०,००० दिसतात. इतकी मोठी चूक निदान लक्षात तरी येते. ‘शेकडा दीड रुपया’ हे दरमहा असतं आणि वर्षाचे १८ टक्के होतात, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. यासाठी % ची कळच बरी: ८०००० × ०.७५ %, उत्तर ६००.

आणेवारी ठाऊक असणाऱ्याला पडताळा घेणंही सोपं. रुपयाचे १६ आणे, म्हणून एक आणा ६.२५ टक्के, दोन आणे साडेबारा, सहा आणे साडेसदतीस, दहा आणे साडेबासष्ट, चौदा आणे साडेसत्त्याऐंशी. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातही रुपयाचे १६ टंगेच होते. १९५८ साली एस्कुद हे नवं चलन आलं, रुपयाला ६ एस्कुद, एस्कुदाचे १०० सेंताव. म्हणजे एक टंगा ६/१६, संक्षिप्त करून ३/८ एस्कुद, ०.३७५, साडेसदतीस सेंताव. सोळा छेदाचा हिशेब शंभर छेदात नेताना सगळ्या बाजाराला काय करावं लागलं असेल, ते या एका गणितात दिसतं.

शाळकरी मुलासाठी हे यंत्र घेऊ नये. त्याला अपूर्णांकाची कळ असलेलं सायंटिफिक यंत्र द्यावं. त्यात १/६ हा १/६ च राहतो, १/६ + १/४ ला ५/१२ येतं आणि एका कळीने त्याचा दशांश होतो, पुन्हा दाबलं की परत अपूर्णांक. अंश-छेदाचे मिळून अंक फार झाले की मात्र ते आपोआप दशांशात जातं. टक्क्याची कळ तिथे वेगळी वागते. नव्या धर्तीच्या, वहीसारखा अपूर्णांक दाखवणाऱ्या यंत्रांत % चा अर्थ ‘मागच्या संख्येला शंभराने भाग’ एवढाच. म्हणून ५०० + १८ % ला ५००.१८ येतं, आणि ३/८ अपूर्णांकाच्या कळीने लिहून पुढे % लावलं तर ३/८००. तिथे अपूर्णांकाचे टक्के करायचे तर १०० ने गुणा. फोनमधलं कॅल्क्युलेटर दुकानाला चालत नाही, ओल्या हाताने तर नाहीच.

बांधणीबद्दल. दशांशासाठी यंत्र घ्यायचं तर पडद्यावरचा बिंदू पाहा, अंक नव्हे. स्वस्त नमुन्यांत तो इतका बारीक असतो की तिरकं पाहिलं की दिसत नाही, आणि ३.७५ चे ३७५ वाचले जातात. पडदा डोळ्यांच्या पातळीपासून वर-खाली करून पाहा. कळा घट्ट, प्रत्येक दाबाला एकच अंक देणाऱ्या हव्यात. पावसाळ्यातल्या दमट हवेत आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या वाऱ्यात कळांखालचे संपर्क खराब होतात, ३ दाबला की कधी ३३ उमटतात, कधी काहीच नाही. मासळीच्या किंवा नारळाच्या दुकानात यंत्रावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावं. कळा त्यावरूनही दाबता येतात, फक्त सौरपट्टी धुरकट होऊ देऊ नये.

घेताना दुकानातच चार गणितं करा. १ ÷ ३ × ३. मग बटणं २ आणि ५/४ वर, १ ÷ ६ = आणि त्यावर × १२५० =; २१२.५० आलं तर हे यंत्र दाखवलेला कापलेला आकडाच पुढे नेतं, २०८.३३ आलं तर पूर्ण आकडा. मग ५०० + १८ %. शेवटी ४०० ÷ २० एम.यू. उत्तरं चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या पाठीला चिकटवा, म्हणजे दुकानात नवा माणूस बसला तरी त्याला कळतं की ही कळ इथे काय करते. पाचवी तपासणी सौरपट्टीची: ती बोटाने पूर्ण झाकून पडदा पाहा. अंक फिके झाले तर आतला सेल मेलेला आहे किंवा बसवलेलाच नाही, आणि असं यंत्र संध्याकाळी दिवे गेले की ऐन गर्दीत बंद पडेल. सेल दुकानदाराकडूनच बदलून घ्या आणि पाठीचे स्क्रू नीट बसलेत ना ते पाहूनच पैसे द्या.